पिशवी काढण्याआधी टिकल्या लावा

(बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका आईचं पत्र : मुलगी १९ वर्षांची, बौद्धिक दिव्यांग, चार-पाच शब्दच बोलते. पाळी जवळ आली की स्वतःचं मनगट चावते, पॅड काढून फेकते. नातेवाईक म्हणतात, गर्भाची पिशवी काढून टाका. काय करू?)

ताई,

पिशवी काढली की रक्त थांबेल, पण अंडाशय आत राहिले तर हार्मोन्सचं चक्र चालूच राहील आणि कदाचित चावणंही. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार तिच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही प्रक्रिया करता येत नाही.

आधी भिंतीवरच्या कालनिर्णयावर टिकल्या लावा. रक्त गेलं तर लाल, चावली तर काळी, झोप मोडली तर हिरवी, शौचाला झाली नाही तर पिवळी. निदान दोन पाळ्या, रोजच्या रोज. महिनाअखेरीस आठवून लावू नका, तेव्हा वाईट दिवसच आठवतात. काळ्या टिकल्या लालच्या आधीच्या आठवड्यात दाटल्या आणि पाळी आल्यावर दोन-तीन दिवसांत ओसरल्या, तर दुखणं पाळीचं. महिनाभर विखुरल्या असतील तर दात, कान, चालू औषधं तपासून घ्या. नवरात्रात गरब्याने झोप उडते, तो महिना धरू नका.

पिवळ्यांकडे नीट बघा. पाळीआधी प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे काहींची आतडी मंदावतात, पोट साफ होत नाही, आणि जिला सांगता येत नाही ती चावते. पाळीत कळ येत असेल तर आयबुप्रोफेन रक्त दिसताच, जेवणानंतर, पहिले दोन दिवस ठरल्या वेळी द्यावं लागतं. ती कळवळू लागल्यावर दिलं तर उशीर झालेला असतो. डोस डॉक्टरांकडूनच घ्या आणि दमा, अल्सर, किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा. फिट्स येत असतील तर त्यांच्याही तारखा लिहा, काही मुलींना पाळीच्या आसपास त्या वाढतात.

पॅडची सवय पाळी नसताना लावा. पातळ, कोरडं पॅड, तिच्या आवडत्या कामाच्या वेळी दहा मिनिटं, मग हळूहळू जास्त. निकरवर पेनाने पॅडचा आकार काढून ठेवा म्हणजे कुठे लावायचं ते तिला दिसेल.

घरात तिला चार दिवस बाजूला बसवत असाल तर कृपा करून थांबवा. रोजचं ताट, रोजची जागा गेली की ती बिथरणारच, आणि तुम्ही तो राग हार्मोन्सच्या नावावर मांडाल.

मग कालनिर्णयाची ती टिकल्यांची पानं घेऊन सयाजी हॉस्पिटलमध्ये स्त्रीरोग आणि मानसोपचार, दोन्हीकडे दाखवा. सोनोग्राफी पोटावरूनच करायला सांगा. त्यासाठी मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणून तासभर आधी तीन-चार पेले पाणी पाजा आणि नंबर लवकर लावून घ्या.