वाचकांचे प्रश्न: कॅट तापून लाल होतंय, बदलू का?

प्रश्न: नमस्कार. माझी पेट्रोल गाडी आहे, फ्युएल इंजेक्शनवाली, बऱ्यापैकी चाललेली. गेले काही आठवडे पिकअप मेलाय, ॲव्हरेज पडलंय, आणि जरा लांब जाऊन आलं की पायाखालचं कार्पेट इतकं तापतं की चप्पल काढून पाय ठेववत नाही. कुजलेल्या अंड्यासारखा वास पण येतो. चेक इंजिनची लाइट आधी मधूनमधून ब्लिंक व्हायची, आता कायम लागून असते. काल रात्री गाडी लावून खाली वाकून बघितलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा डबा) चक्क लालसर दिसत होता. मेकॅनिक म्हणतो कॅट गेलं, नवीन टाकू. टाकू का?

उत्तर: इतक्यात नको. आणि कारण सापडेपर्यंत गाडी चालवू पण नका, गॅरेजला न्यायची असेल तर टो करून न्या. लाइट ब्लिंक होत होती ना, तेव्हाच खरं थांबायला हवं होतं. लाइट नुसती लागलेली असेल तर काहीतरी बिघाड आहे, सवडीने दाखवा असा अर्थ, पण ब्लिंक होतेय म्हणजे इंजिन आत्ता या क्षणी एवढं मिसिंग मारतंय (सिलिंडरमधलं पेट्रोल पेटायचं चुकतंय) की कॅट जळू शकतं. इशारा कॅट वाचवण्यासाठीच दिलेला असतो आणि बहुतेक लोक तो बघून गाडी तशीच हाणत राहतात.

आता हे तापतं कशाने ते बघू. कॅटच्या आत सिरॅमिकची मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा अगदी पातळ थर. इंजिनातून येणारा कार्बन मोनॉक्साइड, थोडंफार न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचा निकाल तिथे लागतो. साधारण २५० ते ३०० डिग्री सेल्सियस झालं की कॅट कामाला लागतं आणि चालत्या गाडीत ४०० ते ८०० डिग्रीत ते आरामात असतं, म्हणजे कॅट गरम असणं हा रोग नव्हे. पण एखाद्या सिलिंडरमध्ये स्पार्कच पडला नाही तर त्यातलं सगळं पेट्रोल आणि सगळी हवा तशीच्या तशी सायलेन्सरच्या पाइपात जाते आणि जी आग सिलिंडरमध्ये लागायची ती कॅटमध्ये लागते. आतलं तापमान हजाराच्या आसपास गेलं की धातूचा थर खराब व्हायला लागतो आणि १४०० च्या वर गेलं तर जाळीच वितळते, मग धुराला वाट उरत नाही, पिकअप जातो, धूर अडकल्यामुळे उष्णता आणखी वाढते. तुमची गाडी बहुतेक याच फेऱ्यात सापडलीय. नुसतं नवीन कॅट टाकलं तर ते पण त्याच आगीत जाणार, म्हणून आधी इंजिन बघायचं आणि मग कॅट. उलट्या क्रमाने गेलात तर दोनदा खर्च.

सुरुवात स्कॅनरने करा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राने. पी०३०१ ते पी०३०४ यापैकी कोड असेल तर शेवटचा आकडा म्हणजे मिसिंग मारणारा सिलिंडर, पी०३०० असेल तर मिसिंग एका जागी नाही, पी०१७२ म्हणजे मिश्रण रिच, पेट्रोल जास्त. पी०४२० आला की सगळे लगेच म्हणतात कॅट बदला, पण तो कोड फक्त एवढंच सांगतो की कॅटचं काम कमी पडतंय, का कमी पडतंय ते त्याला माहीत नाही. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम बघून घ्या हां, म्हणजे बिघाड नोंदला गेला तेव्हा इंजिन गरम होतं की थंड, आरपीएम किती होते, लोड किती होता ते कळतं. बरेच जण आधी कोड पुसतात आणि मग काय झालं होतं ते शोधत बसतात.

समजा पी०३०२ आला. मग दुसऱ्या सिलिंडरची कॉइल (प्लगला स्पार्कचा करंट देणारी) काढून तिसऱ्याला लावा, तिसऱ्याची दुसऱ्याला, कोड पुसा आणि थोडा वेळ चालू करून बघा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल चोर, विषय संपला. पी०३०२ च राहिला तर हीच अदलाबदल प्लगची करा, मग इंजेक्टरची (पेट्रोल फवारणारा भाग), आणि तरीही कोड तिथून हलत नसेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजा, व्हॉल्व्ह किंवा रिंगची भानगड असेल. पार्ट विकत न घेता होणारी तपासणी आहे ही, आणि ‘एकदम चारही कॉइल बदलून टाकू’ म्हणणाऱ्याला हा उद्योग करायला जरूर सांगा.

प्लग काढलेत की टाकून देऊ नका, ओळीने मांडून ठेवा, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लक्षात राहील असे. चांगल्या प्लगचं टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असतं. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला आणि पेट्रोलचा वास मारणारा म्हणजे स्पार्क नाही किंवा इंजेक्टर गळतोय. काळा, तेलकट, चिकट म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढऱ्या चिनीमातीवर केसासारखी बारीक काळी रेघ दिसली तर तिथून करंट बाहेर पळतोय, असा प्लग आयडलला बरा वागतो आणि चढावर किंवा ओव्हरटेक करताना दगा देतो, म्हणून गॅरेजमध्ये उभ्या गाडीत मिसिंग सापडत नाही.

मिसिंग नसेल आणि गाडी नुसती रिच चालत असेल तर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कापतोय ते. लाँग टर्म ट्रिम अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. उणे १५, उणे २० दिसत असेल तर कुठून तरी जादा पेट्रोल येतंय आणि ईसीयू ते कापायचा प्रयत्न करतोय. मग तपासा: गळका इंजेक्टर, फ्युएल प्रेशर, कूलंटचा टेंपरेचर सेन्सर (इंजिन चांगलं तापलं तरी स्कॅनर ३०-४० डिग्रीच दाखवत असेल तर ईसीयू गाडी थंड समजून पेट्रोल ओतत राहतो, मग दोष सेन्सरचा असो की उघड्या अडकलेल्या थर्मोस्टॅटचा). प्रेशर रेग्युलेटर इंजिनवर असेल तर त्याची छोटी व्हॅक्यूमची नळी ओढून बघा, आत पेट्रोल ओलं लागलं तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय, तिथून कच्चं पेट्रोल सरळ इंजिनात ओढलं जातंय. आणि डिपस्टिक काढून वास घ्या, ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल पण बदलावं लागणार.

एक फसवणूक लक्षात ठेवा. ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. सिलिंडर मिसिंग मारतो तेव्हा पेट्रोलबरोबर न वापरलेली हवा पण बाहेर पडते, सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, आणि ईसीयू आणखी पेट्रोल सोडतो. सेन्सरच्या आधी पाइपाला चीर असली, गॅस्केट फुटलं असलं तरी हेच होतं, बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणजे स्कॅनर ‘लीन’ म्हणत असतो आणि खाली कॅट पेट्रोलने भाजत असतं. थंड इंजिन चालू केल्यावर मॅनिफोल्डपाशी (इंजिनातून धूर बाहेर काढणाऱ्या पहिल्या पाइपापाशी) फटफट टिकटिक आवाज येतोय का ऐका, गरम झाल्यावर धातू फुगून ती चीर बंद होते आणि आवाज गायब.

इग्निशन टायमिंग मागे पडलं असेल, बेल्ट किंवा चेनचा एखादा दात सरकला असेल, तर पेट्रोल उशिरा जळतं आणि धूरच जास्त गरम निघतो. हे कमी वेळा दिसतं, पण टायमिंगचं काम नुकतंच केलं असेल तर आधी तिथेच बघा.

इंजिन सुधारलं की मग कॅट. पूर्ण थंड असताना रबरी हातोडीने हलकं ठोका, आत खुळखुळ वाजलं तर जाळी तुटलीय. चोंदलंय का हे बघायला पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावतात: आयडलला एक-दीड पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला साधारण ३ च्या आत असायला हवं, त्याच्या वर चढत गेलं तर वाट बंद आहे. टेंपरेचर गनने कॅटच्या आधीचा आणि नंतरचा पाइप मोजता येतो, चकचकीत स्टीलवर गन खोटं सांगते म्हणून गंजलेली किंवा काळी जागा बघून मोजा. इंजिन गरम करून २५०० वर थोडा वेळ रेस धरल्यावर मागचा पाइप थोडा जास्त गरम असेल किंवा जवळपास सारखा असेल तर चालतं, पण मागचा शंभर डिग्रीहून जास्त पुढे पळत असेल तर आत अजूनही पेट्रोल जळतंय, कारण सापडलेलं नाही, परत वर जा. मागचा खूपच थंड असेल तर कॅट काम करत नाहीये किंवा बंद झालंय.

या टेस्टमध्ये पास झालं तर तेच कॅट ठेवा. एकदा तापलेलं कॅट मेलंच पाहिजे असं काही नाही. कोड पुसून काही दिवस सगळ्या तऱ्हेने चालवा, शहरात आणि हायवेला, कॅटची सेल्फ टेस्ट पुरी होऊन पी०४२० परत आला नाही तर झालं. तुमच्या गाडीचा पिकअप इतका गेलाय आणि बाहेरून लाली दिसलीय म्हणजे जाळी वितळली असायची शक्यता भरपूर आहे, पण मोजल्याशिवाय निकाल देऊ नका.

प्रश्न: पेट्रोलच्या टाकीत टाकायचं कॅट क्लीनर मिळतं. त्याने चोंदलेलं कॅट मोकळं होतं का?

उत्तर: वितळलेलं सिरॅमिक कुठल्याच बाटलीने उघडत नाही. हलकी काजळी असेल तर ती इंजिन नीट झाल्यावर एका मोठ्या हायवे रनमध्ये तशीही जळून जाते.

प्रश्न: आमचा मेकॅनिक कुठला सिलिंडर मिसिंग मारतोय हे बघायला चालू गाडीत एकेक प्लगची वायर काढतो. जुनीच पद्धत आहे, पण आता मी वाचलं की याने कॅट खराब होतं?

उत्तर: बरोबर वाचलंत. वायर काढली तरी त्या सिलिंडरचा इंजेक्टर पेट्रोल सोडतच असतो आणि ते सगळं कॅटमध्ये जातं. कार्ब्युरेटरच्या, कॅट नसलेल्या गाड्यांच्या काळात चालून जायचं, आता नाही, शिवाय उघड्या स्पार्कने कॉइल किंवा ईसीयू जायचा धोका वेगळाच. वायरऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढायला सांगा. इंजिनचा आवाज तसाच बदलतो, म्हणजे चाचणी तीच होते, फक्त पेट्रोल बंद असतं. आणि गाडी स्टार्ट होत नसेल तर सेल्फ मारत राहणं, ढकलून ढकलून स्टार्ट करणं हे पण टाळा, सगळं कच्चं पेट्रोल खाली जाऊन साठतं आणि गाडी चालू झाली की एकदम पेटतं.

प्रश्न: कॅट बदलून वर्ष पण झालं नाही आणि परत पी०४२० आला. मिसिंग अजिबात नाही. पार्टच डुप्लिकेट दिला असेल का?

उत्तर: असू शकतं, स्वस्तातल्या कॅटमध्ये मौल्यवान धातू नावालाच असतो आणि ती लवकर थकतात. पण भांडायला जायच्या आधी ऑइलची लेव्हल बघा. दोन सर्व्हिसच्या मध्ये ऑइल टॉपअप करावं लागतंय का? ऑइल जळतं तेव्हा त्यातलं फॉस्फरस आणि झिंक जाळीवर बसतं आणि खालचा धातू झाकला जातो. कूलंट पण बघा, बाहेर कुठे गळत नसून कमी होत असेल तर हेड गॅस्केटमधून आत जात असेल आणि त्यातले क्षार तेच करतात. अशा वेळी कॅट तापून लाल होत नाही, नुसतं हळूहळू काम सोडतं, म्हणून मिसिंग शोधून काही हाती लागत नाही. मधल्या काळात कोणी इंजिनवर सिलिकॉनचा गॅस्केट सीलंट फासला असेल तर तो सेन्सर-सेफ होता का विचारा, साध्या सीलंटची वाफ ऑक्सिजन सेन्सरला मारते. नवीन कॅटच्या आधी एक्झॉस्टचा लीक राहिला असेल तरी पी०४२० येतो.

प्रश्न: कॅट आतून फोडून रिकामं करून दिलं तर तापायचा प्रश्नच मिटेल ना?

उत्तर: तापायचा मिटेल, बाकीचे सुरू होतील. मिसिंग तशीच राहणार, पेट्रोल वाया जाणार, चेक इंजिन लाइट कायम लागून राहणार आणि पुढच्या वेळी खरोखर काही बिघडलं तर कळणार नाही, प्रदूषण चाचणीत गाडी नापास होईल, आणि बहुतेक देशांत हे बेकायदा आहे. शिवाय न जळलेला विषारी धूर तुमच्याच मागे उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात. मी तरी करायला सांगणार नाही.

प्रश्न: माझी डिझेल गाडी आहे. कधीकधी घरी येऊन बंद केल्यावर पण फॅन चालू राहतो आणि खालून खूप गरम हवा, जळका वास येतो. हे तेच आहे का?

उत्तर: बहुतेक नाही. नव्या डिझेल गाड्यांत डीपीएफ असतो, काजळी पकडणारा फिल्टर, आणि तो भरला की गाडी मुद्दाम जादा डिझेल देऊन ती काजळी जाळते, तेव्हा ६०० डिग्रीच्या आसपास जातो. तुम्ही नेमकी मध्येच गाडी बंद केलीत. कधीमधी झालं तर सोडून द्या. दर दोन दिवसांनी होत असेल तर मात्र गाडी सारखी छोट्या अंतरासाठी वापरली जातेय का किंवा इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) जास्त काजळी करतायत का ते तपासून घ्या.

प्रश्न: कॅटच्या बाहेरचा पत्रा सारखा खडखड वाजायचा म्हणून मेकॅनिकने काढून टाकला. आवाज गेला. चालेल का तसंच?

उत्तर: नाही. ती हीट शील्ड आहे, तिच्यामुळेच वरचं कार्पेट, वायरिंग आणि ब्रेकच्या लाइन वाचतात. नट गंजून गेले असतील तर मोठ्या वॉशर घालून किंवा रुंद स्टीलच्या क्लॅम्पने परत आवळता येते, नवीन पण मिळते. ती बसवेपर्यंत वाळलेल्या गवतावर किंवा पाचोळ्यावर गाडी उभी करू नका, खरं तर शील्ड असतानाही करू नये, व्यवस्थित चालणारं कॅटसुद्धा वाळकं गवत पेटवण्याइतकं गरम असतं.