टूरला निघताना साऊंडवाल्याच्या बॅगेत काय हवं

तू विचारलंयस की नाट्यगीत-भावगीतांच्या ग्रुपबरोबर पहिल्यांदाच बाहेर निघालोय, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी करून शेवटी पणजी, साऊंड प्रत्येक गावात तिथलाच भाड्याचा, तर सोबत काय नेऊ आणि छोटा मिक्सर नि दोन स्पीकर घेऊन टाकू का. मिक्सर-स्पीकर अजिबात घेऊ नकोस. मोठं सामान कुठेही भाड्याने मिळतं, त्याचा हमाल होऊन बसशील. शो अडकतो तो नेहमी दीडशे रुपयाच्या कनेक्टरपायी, आणि संध्याकाळी सहा वाजता रत्नागिरीत दुकानं शोधत फिरायला कुणालाच वेळ नसतो.

सगळ्यात आधी मल्टीमीटर. माईकच्याही आधी. हॉलवर पोचलास की काहीही लावायच्या आधी बोर्डवर फेज-न्यूट्रल बघायचं, २३० व्होल्टच्या आसपास हवं, मग फेज-अर्थ, तेही साधारण तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ भलतंच काही दाखवत असेल तर अर्थिंग नाहीये असं धरून चालायचं आणि वायरमनला बोलवायचं. मोकळ्या मैदानात जनरेटरवर शो असेल तर हे दुप्पट काळजीने कर, कारण थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटला तर सिंगल फेजच्या बोर्डावर ४००च्या जवळपास व्होल्टेज येऊ शकतं आणि मग मिक्सर, कीबोर्ड, लॅपटॉप सगळं एका झटक्यात जातं. आणि एक गोष्ट कायमची डोक्यात ठेव, हमिंग येतंय म्हणून कुणी प्लगची अर्थची पिन काढायला लागला तर त्याला तिथेच थांबव, भले तो वीस वर्षं या धंद्यात असो. गायकाच्या हातात धातूचा माईक असतो रे, अर्थ नसेल तर शॉक त्यालाच बसेल. हमिंग घालवायला ग्राउंड लिफ्टचं (सिग्नलच्या केबलमधली अर्थची जोडणी तोडायचं) बटण असलेला डीआय बॉक्स असतो, म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी, असे दोन ठेव, एक कीबोर्डला आणि एक इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला, आणि लॅपटॉपसाठी स्टिरिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वेगळा. लॅपटॉप चार्जरवर लावला की घुंईं आवाज येतो त्यावर हाच इलाज.

आता कनेक्टर. ईपी (मोबाइल-लॅपटॉपच्या हेडफोनची बारीक पिन) स्टिरिओ ते दोन पी-३८ (वाद्यांची जाड पिन) मोनो (दोन नग, कारण ही केबल कुणीतरी मागतंच आणि परत देत नाही), एक्सएलआर (माईकचं तीन पिनांचं) ते पी-३८ दोन्ही बाजूंचे, आरसीए (टीव्हीमागच्या लाल-पांढऱ्या पिना) ते पी-३८, एक्सएलआर मेल-मेल आणि फिमेल-फिमेल जोडणारे, आणि चार-पाच चांगल्या एक्सएलआर केबली. आपल्या प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना एकाच रंगाची टेप लाव, नाहीतर रात्री गुंडाळताना तुझ्या चांगल्या केबली त्यांच्या ढिगात आणि त्यांच्या खरखरणाऱ्या तुझ्या बॅगेत. केबल टेस्टर छोटा मिळतो, तो घेच. पक्कड, दोन डिसमिस, सोल्डरिंग आयर्न, थोडं सोल्डर, इन्सुलेशन टेप, काळी गॅफर टेप, मार्कर, डोक्याला लावायची बॅटरी. १६ अँपिअरचं सॉकेट ६ अँपिअरला जोडणारा प्लग आणि स्वतःचा एक दणकट एक्स्टेन्शन बोर्ड. झालं.

बैठकीच्या कार्यक्रमाची खरी अडचण म्हणजे स्टँड, आणि हे कुठल्याच इंग्रजी यादीत सापडणार नाही. भाड्याने येणारे स्टँड सगळे उभ्या गायकाचे, ते खाली करून बूम (वरचा दांडा) आडवा केला तरी मांडी घालून बसलेल्या माणसाच्या तोंडापाशी नीट येत नाहीत आणि पुढच्या रांगेला गायकाच्या चेहऱ्याऐवजी लोखंडच दिसतं. म्हणून बुटके स्टँड स्वतःचे ने, दोन गायक, दोन तबल्याला, एक पेटीला एवढे तरी. त्यांच्याखाली घालायला जाड फोमचे तुकडे ने, कारण बैठकीचं लाकडी व्यासपीठ पोकळ असतं, तबलजीने मांडी बदलली तरी धाडकन माईकमध्ये येतं. पेटीला क्लिप माईक मिळाला तर उत्तम पण तो भात्याच्या बाजूला लावू नकोस, सूर कमी आणि हवाच जास्त ऐकू येते. मुख्य गायिकेचा माईक मात्र आपलाच ठेव, रोज तोच असला की तिलाही अंतराचा अंदाज बसतो आणि तुलाही रोज नव्याने ईक्यू (आवाजातल्या जाड-बारीकचा तोल) शोधत बसावं लागत नाही. शुअर कंपनीचा साधा एसएम ५८ घेतलास तरी चालेल, १९६६पासून चालतोय तो, फक्त खात्रीच्या दुकानातून घे कारण नकली माल भरपूर आहे. वर फोमच्या टोप्या, जास्तीच्या. दुसऱ्याच्या थुंकीचा वास असलेल्या माईकवर कोण गाणार?

निवेदकाला कॉर्डलेस लागतोच. त्यासाठी रिचार्जेबल सेल घेतलेस तर लक्षात ठेव, ते १.२ व्होल्टचे असतात, साधे अल्कलाइन १.५चे, त्यामुळे बऱ्याच ट्रान्समीटरवरचा बॅटरीचा काटा सेटिंग बदलल्याशिवाय खोटं दाखवतो. नवीन जोडी शोच्या आधी घालायची, मध्यंतराची वाट बघायची नाही.

डिजिटल मिक्सर असेल तिथे पेन ड्राइव्हवर आपली शो फाइल (मिक्सरची सगळी सेटिंग साठवलेली) ने, एफएटी३२ फॉरमॅट करून, पण ती लोड करायच्या आधी तिथल्या माणसाची फाइल सेव्ह करून ठेव, नाहीतर आउटपुटचं सगळं पॅचिंग (कुठला आवाज कुठल्या स्पीकरला जातो ती जोडणी) आणि त्याने लावलेलं हॉलचं ईक्यू उडून जाईल आणि तो तुझ्याशी रात्रभर बोलणार नाही. बेहरिंगर एक्स३२ मिक्सरची फाइल मिडास एम३२वर चालते, यामाहावर नाही, म्हणून इनपुट लिस्ट (कुठल्या चॅनलला कुठला माईक-वाद्य) कागदावर छापून ने, चार प्रती, बसायच्या जागांच्या स्केचसकट. टॅबवरून मिक्स करणार असशील तर ५ गिगाहर्ट्झचा स्वतःचा राऊटर हवा, रिकाम्या हॉलमध्ये २.४वर सगळं मस्त चालतं आणि लोक खिशात मोबाइल घेऊन आत येऊन बसले की टॅब तुटायला लागतो.

पणजीची हवा दमट, माईकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक. बंद कानाचे हेडफोन आणि इअरप्लग सांगायलाच नकोत. मोकळ्या मैदानातला शो असेल तर आयोजकाच्या परवानगीच्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेव, २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, सरकारने ठरवलेले मोजके दिवसच १२पर्यंत सूट. बंद नाट्यगृहाला हे लागू नाही तरी भैरवी लांबली की मॅनेजर घड्याळ दाखवतोच. पुढेमागे अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांचे दौरे मिळाले तर अ‍ॅडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का बघून घे, तिकडे १२० असतं. आणि विमानात पॉवर बँक हातातल्या बॅगेत, पक्कड-डिसमिस चेक-इनमध्ये.

कपडे काळे, चपलेऐवजी रबरी तळाचे बूट, बाकी घरचे भरतीलच.

निघायच्या दोन दिवस आधी प्रत्येक गावच्या साऊंडवाल्याला स्वतः फोन कर, आयोजकाच्या "सगळं आहे हो" वर जाऊ नकोस. मिक्सरचं मॉडेल, मॉनिटर (कलाकारांकडे तोंड केलेले स्पीकर) किती, ४८ व्होल्ट फँटम (काही माईकना केबलमधूनच लागणारी वीज) चालू आहे का, एवढं विचार आणि त्याप्रमाणे बॅगेतलं कमीजास्त कर. सामानाची यादी बॅगेच्या झाकणाला आतून चिकटव आणि शो संपल्यावर तिच्यावर खुणा करतच भर. क्लिप माईक सापडला नाही तर आधी पेटीच्या खोक्यात बघ, बहुतेक वेळा तिथेच निघतो.