सुपरचार्जर बसवला आणि बॉनेट तापलं

या वेळच्या टपालात तापलेल्या इंजिनांचीच पत्रं जास्त आहेत. पहिलं पत्र लांबलचक आणि नेमकं आहे, म्हणून त्याच्या उत्तरालाही जास्त जागा देते.

प्रश्न: ताई, नमस्कार. माझ्या ऑफ-रोड गाडीच्या पेट्रोल व्ही-सिक्स इंजिनावर रूट्स पद्धतीचा, पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) बसवून घेतलाय. बूस्ट, म्हणजे त्यानं चढवलेला जादा दाब, साधारण अर्धा बार. इंटरकूलर (ती हवा थंड करणारा रेडिएटर) नाही. मोठ्या रस्त्यावर गाडी मस्त पळते. पण लो-रेंजमध्ये (कमी वेग, जास्त जोराच्या गिअरमध्ये) खडकांतून चढायला लागलो की थोड्याच वेळात बॉनेटला हात लावता येत नाही आणि गाडीचा दम जातो. थांबून, बंद करून पुन्हा चालू केली की आणखीच मेलेली वाटते. कूलंटचा काटा मात्र मध्यावरून हलत नाही. पुढे विंच आणि दिव्यांची पट्टी आहे, खाली पोट वाचवणारी पूर्ण लांबीची स्किड प्लेट. गॅरेजवाले म्हणतात एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांना) हीट रॅप, म्हणजे उष्णतारोधक पट्टी, गुंडाळा. मित्र म्हणतो बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली वॉशर टाकून ते उचल. तिसऱ्यानं उघडा कोन फिल्टर सुचवलाय. कुणाचं ऐकू?

उत्तर: तूर्तास कुणाचंच नको. आधी मोजून घ्या.

काटा हलत नाही यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दामच असा बसवलेला असतो की कूलंट 80 अंशांवर असो की 105, तो मध्यावर निवांत बसतो. तुमच्या तक्रारीचा संबंध तसाही कूलंटशी कमी आणि इंजिन ओढतंय त्या हवेशी जास्त दिसतो. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) लावा आणि दोनच आकडे बघा: कूलंटचं तापमान आणि इनटेक हवेचं तापमान. हवेचा सेन्सर सुपरचार्जरच्या आधी आहे की नंतर, हे बसवणाऱ्याला विचारून घ्या, नाहीतर आकड्याला काही अर्थ राहत नाही. सोबत तापमान दाखवणारे स्टिकर मिळतात, ठरावीक अंशाला कायमचे काळे पडणारे. एक एअरबॉक्सवर, एक बॅटरीवर, एक सुपरचार्जरच्या अंगावर आणि एक ब्रेकच्या तेलाच्या डबीजवळ चिकटवा. मी चाचणी विभागात होते तेव्हा थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या) वायरींचं जंजाळ घेऊन गाडीत बसायचो. घरच्या गाडीला हे स्टिकर पुरतात.

आता सुपरचार्जरचा दोष किती? रूट्स बंधूंनी 1860 मध्ये पेटंट घेतलं ते हवा ढकलणाऱ्या यंत्राचं. भट्ट्यांना आणि खाणींना वारा घालायला ते वापरात आलं. त्याच्या पोटात हवा दाबली जात नाही. ती पुढे ढकलली जाते आणि पुढच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये कोंडून दाब चढतो. त्यामुळे त्याची कार्यक्षमता स्क्रू किंवा सेंट्रिफ्यूगल प्रकारापेक्षा कमी, आणि जे वाया जातं ते सगळं उष्णता होऊन हवेत उतरतं. हिशेब करून दाखवते. बाहेर 40 अंश, दाब दीडपट, कार्यक्षमता 60 टक्के धरा. हवा बाहेर पडते सुमारे 104 अंशांना. आता तीच हवा त्यानं बॉनेटखालून 70 अंशांची ओढली तर? 140. आत गेलेले 30 अंश बाहेर येताना 36 होतात. म्हणून उघड्या कोन फिल्टरचा विषय इथेच मिटवू. तो तापलेल्या इंजिनाशेजारचीच हवा पितो आणि वर आवाज करतो, त्यामुळे माणसाला वाटतं जोर वाढला. बंद झाकणाचा एअरबॉक्स ठेवा, स्नॉर्केल (टपाजवळून हवा घेणारी नळी) असेल तर उत्तमच. मात्र त्याचे सांधे खरंच हवाबंद आहेत का, ते पाहा.

पण तुमची गाडी मरते ती खडकांत, आणि तिथे तुम्ही पाय जेमतेम टेकवलेला असतो. अशा वेळी बायपास व्हॉल्व (दाब न चढवता हवा वळवणारी झडप) उघडा असतो, बूस्ट जवळपास शून्य आणि सुपरचार्जर नुसता फिरत असतो. म्हणजे तिथली उष्णता तो निर्माण करत नाही, तो ती सोसतो. व्ही आकारात मांडलेल्या सिलिंडरांच्या खोबणीत, दोन हेडच्या मध्ये बसलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा आहे तो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची धग, ब्लॉकची धग, रेडिएटरमधून आलेला गरम वारा, सगळं त्याच्या अंगात मुरतं. मग चढावर पाय दाबला की या तापलेल्या ठोकळ्यातून गेलेली हवा आणखी गरम होते. ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) नॉकिंगची, म्हणजे इंधन अवेळी भडकण्याची भीती, म्हणून तो टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो. जोर गेला. आणि लोकांच्या लक्षात येत नाही ते पुढचं: टायमिंग मागे गेलं की ज्वलनाचा बराच भाग उशिरा होतो, एक्झॉस्ट जास्त गरम निघतो, मॅनिफोल्ड आणखी तापतं. तुम्ही मंदावलेल्या गाडीला जोर यावा म्हणून पाय अजून दाबता आणि हे चक्र फिरत राहतं.

तेव्हा खरा प्रश्न असा आहे की बॉनेटखालची गरम हवा जाते कुठून. रेडिएटरमधून आत आलेली हवा मूळ गाडीत गिअरबॉक्सच्या बाजूनं खाली आणि थोडी चाकांच्या कमानीतून निघून जायची. तुम्ही पूर्ण लांबीची स्किड प्लेट लावलीत आणि तिचं मुख्य दार बंद केलंत. बाहेर पडायला वाट नसेल तर पंखा कितीही मोठा लावा, तो त्याच हवेला घुसळत बसतो. काही हवा तर रेडिएटरच्या कडेनं पुन्हा पुढे येते आणि परत त्याच्यातूनच आत शिरते. माझ्याकडे गरम होते म्हणून आलेल्या बहुतेक ऑफ-रोड गाड्यांत हवा आत आणायची सोय भरपूर केलेली असते, बाहेर काढायची कुणी केलेली नसते.

स्किड प्लेट काढा असं मी म्हणणार नाही, खडकांत ती हवीच. इंजिनाच्या मागच्या भागात तिला आडव्या फटी पाडून घ्या, पत्र्याची ओठं मागच्या दिशेनं वळवलेली, म्हणजे दगड अडकणार नाही आणि चालत्या गाडीखालचा वारा आतली हवा ओढून घेईल. बळकटी टिकवायला फटींच्या मध्ये पट्ट्या तशाच ठेवायच्या. चाकांच्या कमानीतले रबरी पडदे कडक होऊन आत वळले असतील तर तेही बघा.

त्यानंतर बॉनेटच्या जाळ्या. जागा महत्त्वाची. गाडी पळत असताना बॉनेटच्या पुढच्या आणि मधल्या भागावर हवेचा दाब कमी असतो आणि काचेच्या पायथ्याशी जास्त. म्हणून जाळी रेडिएटरच्या पाठीमागे, बॉनेटच्या पुढच्या अर्ध्यात हवी. मित्राचा वॉशरचा सल्ला नेमका उलट्या जागी हवा सोडतो. उभ्या गाडीत मागच्या फटीतून गरम हवा वर जाईल, ते खरं. खडकांतही थोडा फायदा दिसेल. पण वेग घेतला की काचेच्या पायथ्याचा दाब त्याच फटीतून हवा आत ढकलतो, बाहेर निघू पाहणारी अडवतो, आणि थांबल्यावर इंजिनाचा वास गाडीच्या आत येतो, कारण केबिनची हवा तिथूनच घेतली जाते. विश्वास बसत नसेल तर लोकरीचे बोटभर धागे फटीच्या कडेला चिकटवा, मोबाइल काचेला टेकवून चित्रण सुरू करा आणि कुणालातरी चालवायला सांगा. गाडी उभी असताना धागे बाहेर फडफडतील. वेग आला की ते एकेक करून आत ओढले जाताना दिसतील. जाळीची जागा कापण्याआधीही हीच युक्ती करा, फक्त एकच लहान भोक पाडून. पत्रा एकदा कापला की परत जोडता येत नाही. आणि जाळीखाली ऑल्टरनेटर किंवा इग्निशन कॉइल येत असेल तर पाण्यासाठी पन्हळ हवी.

पंख्याकडे वळते. तुमच्याकडे व्हिस्कस क्लचचा (घट्ट तेलाच्या क्लचमधून इंजिनाला जोडलेला) पंखा असेल तर इंजिन गरम असताना बंद करून, किल्ली खिशात ठेवून, तो हातानं फिरवून बघा. जाणवण्याइतका अडला पाहिजे. सैल भिरभिरला तर क्लच गेला. त्याचा दुसरा दोष असा की तो इंजिनाच्या वेगानं फिरतो, आणि तुम्ही रांगत असता तेव्हाच त्याचा वेग सर्वांत कमी असतो. इलेक्ट्रिक पंखा इथे सरस, फक्त खोल पाण्यात शिरताना तो बंद करायचं बटण हवं, नाहीतर पाती पाण्यात वाकून रेडिएटरला घासतात. कोणताही पंखा असो, भोवतालचं श्राउड (हवा पंख्याकडे वळवणारं कवच) फुटलेलं नको, आणि रेडिएटरच्या चारी कडांच्या फटी फोमच्या पट्टीनं बंद करा. हे काम कुणी मनावर घेत नाही. विंचही मधोमध असेल तर शक्य तितकी खाली घ्या, दिव्यांची पट्टी तर सरळ वर टपावर न्या.

एसीचा कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर जागेतही डोकावा. पुढून जाळी स्वच्छ दिसते, पण कंडेन्सर सोडवून पुढे कलवला की मागे गवताचं बी, किडे आणि वाळलेला चिखल यांचा नमदा निघतो, हातानं सोलून काढता येईल असा. पाणी मारायचं ते इंजिनाच्या बाजूनं पुढे, हलक्या दाबानं. प्रेशर वॉशरच्या जोरदार धारेनं रेडिएटरचे पातळ पत्रे वाकवले तर रेडिएटर बदलावा लागेल.

राहिला हीट रॅप. मॅनिफोल्डची धग आत कोंडणं ही कल्पना बरोबर आहे. धग फेकण्याचं प्रमाण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातानं वाढतं, म्हणून पृष्ठभाग 600 वरून 400 अंशांवर आणला तर फेकली जाणारी धग जवळपास एक तृतीयांश उरते. पण रॅप हा रस्त्यावरच्या गाडीचा उपाय. तुम्ही चिखलात आणि पाण्यात जाता; तो पाणी पितो, धरून ठेवतो, आतला साधा पोलादी पाइप गंजवतो, आणि तेल सांडून भिजला तर पेट घेऊ शकतो. मी तुमच्या जागी असते तर मॅनिफोल्ड उतरवून सिरॅमिक कोटिंग करून घेतलं असतं आणि त्यावर पत्र्याची ढाल, मॅनिफोल्डपासून बोटभर अंतर सोडून. अंतराशिवाय ढाल म्हणजे आणखी एक तापलेला पत्रा.

हे सगळं एकदम करू नका. आधी सफाई, फोम आणि स्किड प्लेटच्या फटी. मग तोच चढ, तशाच हवामानात, आणि आकडे पुन्हा. बॉनेट कापायची वेळ येईलच असं नाही.

प्रश्न: माझ्या सुपरचार्जरला पाण्यावर चालणारा इंटरकूलर आहे. लांब चढावर सुरुवात छान होते, पुढे गाडी ढेपाळते. इंटरकूलर लहान पडतोय का?

उत्तर: बहुधा नाही. सुरुवातीला टाकीतलं थंड पाणी उष्णता गिळतं, ते तापलं की पुढच्या छोट्या रेडिएटरची खरी परीक्षा सुरू होते. गाडी थंड असताना टाकीचं झाकण उघडून पंप चालू करा. पाणी ठळकपणे फिरताना दिसलं पाहिजे. फेस किंवा बुडबुडे दिसले तर हवा अडकली आहे, गाडीचं नाक उंच करून ती काढा. मग चढ चढून आल्यावर छोट्या रेडिएटरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाइपांचं तापमान मोजा. फरक फार मोठा असेल तर पाणी हळू फिरतंय. पंप नीट चालत असूनही फरकच नसेल तर त्या रेडिएटरला वारा मिळत नाही. त्याच्यासमोर काय लावलंय ते आठवा. गोठण्याची भीती नसेल तिथे या वेगळ्या सर्किटमध्ये अर्धं-अर्धं कूलंट भरायची गरज नाही. निम्म्या ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा पाणी जास्त उष्णता वाहून नेतं. गंजरोधक मात्र हवंच.

प्रश्न: चढ संपला की इंजिन लगेच बंद करावं का?

उत्तर: कूलंट उकळत नसेल तर नको. एसी बंद, बॉनेट उघडं, नाक वाऱ्याकडे, आणि दोन-तीन मिनिटं आयडलिंग. लगेच बंद केलं तर पाणी थांबतं, पंखा थांबतो आणि मॅनिफोल्डची धग वर चढत राहते. सुपरचार्जर आणि इनटेकचं तापमान बंद केल्यानंतरच सर्वांत जास्त चढतं. पहिल्या पत्रातली गाडी पुन्हा चालू केल्यावर मेलेली वाटते ती यामुळेच. अशा वेळी चालू केल्यावर हलक्या पायानं थोडं अंतर जाऊ द्या, थंड हवा आतून खेळली की ती पूर्ववत होते. आयडलिंगवर कूलंट चढतच राहिलं तर मात्र बंद करा आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका.

प्रश्न: सोनेरी परावर्तक टेप आणलाय. कुठे कुठे लावू?

उत्तर: जिथून मॅनिफोल्ड किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा डबा) समोर दिसतो, तिथेच: एअरबॉक्सची ती बाजू, इनटेक पाइप, बॅटरीची ढाल, वायरिंगचं आवरण. हा टेप धग परतवतो. भोवतालची हवाच गरम असेल तर त्याचा उपयोग नाही, आणि गरम भागाला टेकलेल्या पाइपवर लावून तर काहीच साधत नाही, तो पाइप आधी क्लिप लावून बाजूला घ्या. सुपरचार्जरच्या अंगावर मात्र चिकटवू नका. उष्णता टाकायला त्याला ते अंग उघडंच लागतं.