आधी स्क्रिप्टला काय दिसतंय ते बघा

या महिन्यातली पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत होती. कुणाचं काम वेगळं, कुणाची भाषा वेगळी, पण अडकण्याची जागा एकच: फाईल डोळ्यांसमोर आहे आणि स्क्रिप्ट म्हणते, ती नाहीच. मी चौदा वर्षं संध्याकाळच्या वर्गात नवशिक्यांना स्क्रिप्टिंग शिकवते आहे. लूप किंवा फंक्शन न समजल्यामुळे शिकणं सोडलेलं माणूस मला क्वचितच भेटलं. फायली आणि फोल्डरपाशी हिरमोड होऊन सोडलेली पुष्कळ भेटली. म्हणून यावेळी फक्त याच विषयावरची पत्रं घेते आहे.

ताई, माझी पायथनची स्क्रिप्ट आणि 'नोंदी' नावाची टेक्स्ट फाईल एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी आहेत. एडिटरमधून स्क्रिप्ट नीट चालते. टर्मिनलमधून चालवली की 'फाईल नॉट फाउंड' एरर येते. फाईल तर तिथेच आहे! तीन वेळा सगळं नव्यानं लिहून काढलं. (दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी)

आता चौथ्यांदा लिहू नकोस, तुझी स्क्रिप्ट ठीक आहे. घोटाळा 'तिथेच' या शब्दात आहे. तू 'तिथे' म्हणतेस तेव्हा तुझ्या मनात स्क्रिप्टच्या शेजारची जागा असते. स्क्रिप्टचं 'तिथे' मात्र वेगळं असतं. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला एक चालू डिरेक्टरी, म्हणजे त्या वेळी तो ज्या फोल्डरमधून काम करतो ती जागा, असते आणि नुसतं नाव दिलं की तो त्याच डिरेक्टरीत शोधतो. स्क्रिप्ट कुठे सेव्ह केली आहे याचा तिच्याशी काही संबंध नाही. टर्मिनलमध्ये कमांड देताना तू जिथे उभी असशील ती चालू डिरेक्टरी. एडिटर बहुधा तू उघडलेला मुख्य फोल्डर धरतो. क्रॉनवर, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीवर, काम लावलंस तर ते साधारणपणे तुझ्या होम डिरेक्टरीतून सुरू होतं. दिवसा हातानं चालवलेली स्क्रिप्ट रात्री आपोआप चालताना पडते, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

एक छोटं काम कर. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत 'ओएस' मॉड्यूलचं 'गेटसीडब्ल्यूडी', म्हणजे चालू डिरेक्टरीचा पत्ता, प्रिंट कर आणि दोन्ही ठिकाणांहून चालवून बघ. दोन वेगळे पत्ते दिसतील आणि तुझं तुलाच कळेल. मग फाईलचा पत्ता स्क्रिप्टच्या स्वतःच्या जागेवरून तयार कर. 'पाथलिब' हे मॉड्यूल २०१४ साली पायथन ३.४ बरोबर आलं आणि माझ्या वर्गात मी आता तेच शिकवते. 'फाईल' या विशेष चलाला (व्हेरिएबलला), म्हणजे ज्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असतात त्याला, 'पाथ'मध्ये घाल, 'रिझॉल्व्ह' करून पूर्ण पत्ता मिळव, त्याचा 'पेरेंट', म्हणजे स्क्रिप्टचा फोल्डर, घे आणि तिरकी रेघ देऊन फाईलचं नाव जोड. सुरुवातीलाच 'सीएचडिर' करून चालू डिरेक्टरी बदलण्याचा सल्ला तुला कुणीतरी देईल. तो मला पटत नाही. उद्या तुझी स्क्रिप्ट वापरणाऱ्यानं कमांडबरोबर एखाद्या फाईलचं नाव दिलं, तर तो बिचारा ते त्याच्या जागेवरून देत असतो आणि तुझी स्क्रिप्ट ते तुझ्या जागेवरून शोधायला लागते.

याच दुखण्याचं दुसरं रूप आणखी एका वाचकांनी कळवलं आहे: 'लिस्टडिर'नं फोल्डरमधली सगळी नावं छापली, पण त्यातलंच नाव उघडायला गेलं की फाईल सापडत नाही. 'लिस्टडिर' फक्त नावं देतं, पत्ते देत नाही. प्रत्येक नावाला फोल्डरचा पत्ता जोडावा लागतो. 'पाथलिब'चं 'इटरडिर' वापरलंत तर तो जोडूनच हातात येतो.

विंडोजवर पत्ता कॉपी करून स्क्रिप्टमध्ये टाकला. काही फोल्डर उघडतात, काही उघडत नाहीत. असं का? (नुकतंच शिकायला लागलेले वाचक)

उलट्या तिरक्या रेघेमुळे. पायथनमध्ये अवतरणातल्या मजकुरात '\' पुढे इंग्रजी एन आला की त्याची नवी ओळ होते, टी आला की टॅब. म्हणजे 'न्यू' किंवा 'टेबल' या इंग्रजी नावांचं फोल्डर आलं की पत्ता मधेच मोडतो. 'फोटो' तरतो, कारण रेघेपुढच्या पी या अक्षराला असा खास अर्थ नाही. अवतरणाच्या आधी 'आर' लावा किंवा सरळ रेघा '/' अशा द्या. विंडोजवर पायथनला त्या चालतात.

माझ्याकडे मराठी नावांच्या शेकडो फायली आहेत. यादीतलं नाव आणि फोल्डरमधलं नाव अक्षरशः सारखं आहे, तरी स्क्रिप्ट दोन्ही वेगळी म्हणते. डोळे फाडून पाहिलं, फरक नाही. (एका कार्यालयातल्या लिपिक)

हे पत्र वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण इंग्रजीतून लिहिलेल्या शिकवणीत हा प्रश्न सहसा येतच नाही आणि आपल्याला मात्र तो रोज भेटतो. ताई, तुमचे डोळे बरोबर आहेत आणि स्क्रिप्टही बरोबर आहे. डोळ्यांना आकार दिसतो, स्क्रिप्टला अक्षरांचे क्रमांक दिसतात.

'ॲडमिशन' मधला ॲ दोन प्रकारे टाईप होतो. एक स्वतंत्र अक्षर आहे, युनिकोड (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) क्रमांक ०९७२. दुसऱ्या प्रकारात साधा अ (०९०५) आणि त्यावर चंद्र (०९४५) अशी जोडी असते: 'अॅडमिशन'. बहुतेक फॉन्टमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. पहिल्या शब्दाची लांबी पायथन ६ सांगेल, दुसऱ्याची ७. तसंच 'दुसऱ्या' मधल्या अर्ध्या र चं. काही कीबोर्ड तिथे ऱ हे अक्षर (०९३१) देतात, तर काही साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह देतात: 'दुसर्‍या'. लांबी ७ आणि ८. तुमच्याकडे यादी एका संगणकावर आणि फायली दुसऱ्यावर तयार झाल्या असणार.

ताडून बघायचं असेल तर दोन्ही नावं पायथनच्या 'ॲस्की' या फंक्शनमधून प्रिंट करा. ते देवनागरी न दाखवता क्रमांक दाखवतं आणि फरक लगेच उघडा पडतो. इथे एक सावधगिरी हवी. युनिकोडचं 'नॉर्मलायझेशन' म्हणजे अशा सगळ्या रूपांचं एकच रूप करणं, असं समजून लोक ते लावतात. पण ॲ ची ही दोन रूपं युनिकोडच्या दृष्टीनं एक नाहीतच, त्यामुळे नॉर्मलायझेशन त्यांना हात लावत नाही. र आणि जोडचिन्हाचंही तसंच. या दोन बदलांसाठी स्वतःचं दोन ओळींचं फंक्शन लिहा, त्यातून यादीतलं आणि फोल्डरमधलं अशी दोन्ही नावं काढा आणि मगच तुलना करा. मूळ फायलींची नावं बदलायची घाई नको.

फायली पुढे लिनक्सवर हलवणार असाल तर आणखी एक. लिनक्सच्या नेहमीच्या फाईलप्रणालीत नावाची मर्यादा २५५ बाइट असते आणि युनिकोड अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं, त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळी वेगळी मोजायची. विंडोजवर हीच मर्यादा २५५ चिन्हांची आहे. परिपत्रकाचा अख्खा विषय फाईलच्या नावात लिहिलेला असेल, तर विंडोजवर चाललेलं नाव लिनक्सवर नाकारलं जातं.

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये बॅशच्या लूपमध्ये 'वार्षिक अहवाल' ही एक फाईल दोन फायली का होते? (एक वाचक)

कारण तुम्ही फोल्डरमधली नावं दाखवणाऱ्या 'एलएस' कमांडचं उत्तर लूपला दिलंत आणि बॅशनं ते रिकाम्या जागेवर तोडलं. 'एलएस' माणसानं वाचायसाठी आहे, लूपसाठी नाही. लूपला थेट './*', म्हणजे या फोल्डरमधलं प्रत्येक नाव, द्या आणि आत चल वापराल तिथे दर वेळी दुहेरी अवतरणात घाला. नाव वजाच्या चिन्हानं सुरू होत असलं तरी सुरुवातीच्या './' मुळे ते ऑप्शन समजलं जात नाही.

मला सगळ्या फोटोंची नावं तारीख-वेळेप्रमाणे बदलायची आहेत. स्क्रिप्ट तयार आहे, विंडोजवर दहा फोटोंवर तपासली, आता लिनक्सवर सगळ्यांवर चालवू का? (हौशी छायाचित्रकार)

कृपा करून आज चालवू नका. मी हेच केलं होतं. पक्ष्यांचे ४१२ फोटो होते, त्यातले काही भरारी घेतानाचे, सलग टिपलेले. नावात तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ घातली. स्क्रिप्ट एकही तक्रार न करता संपली आणि फोल्डरमध्ये ३७१ फोटो राहिले. एकाच सेकंदात टिपलेल्या चार-पाच फोटोंना एकच नाव मिळालं होतं. लिनक्सवर पायथनचं 'रीनेम' त्या नावाची फाईल आधीपासून असली तर न विचारता तिच्या जागी नवी बसवतं. विंडोजवर तेच फंक्शन एरर देऊन थांबतं. मेमरी कार्ड मी आदल्याच दिवशी रिकामं केलं होतं. एकेका भरारीतलं एकेकच चित्र उरलं. त्यातली एक भरारी टिपायला पहाटेपासून बसले होते, ती अजून आठवते.

म्हणून तुमच्या स्क्रिप्टचे दोन भाग करा. पहिल्या भागानं कशालाही हात न लावता फक्त जुनं नाव आणि नवं नाव अशा जोड्या तयार करायच्या आणि छापायच्या. मग नव्या नावांचा 'सेट' करा. सेटमध्ये पुनरावृत्ती टिकत नाही, त्यामुळे त्याची संख्या फोटोंच्या संख्येपेक्षा एकानंही कमी आली तर स्क्रिप्टनं तिथेच थांबावं. त्या नावाची फाईल फोल्डरमध्ये आधीच आहे का, तेही इथेच तपासा. सगळं जुळलं तरच दुसऱ्या भागानं नावं बदलायची, आणि तीही कॉपीवर. वेळेनंतर एक क्रमांक जोडा, तोही ००१ असा शून्यं भरून. नाहीतर यादी लावताना १० हा २ च्या आधी येतो. बॅशमधून करणार असाल तर नाव बदलणाऱ्या 'एमव्ही' कमांडला '-एन' लावा, म्हणजे आधीची फाईल पुसली जाणार नाही.

सर्व्हरवरचे ३० दिवसांपेक्षा जुने लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींच्या फायली, काढायला 'फाइंड' वापरतो आहे. '-डिलीट' कुठे लिहायचं? आणि ३० दिवस '+३०' असेच ना? (सर्व्हरचं काम नव्यानं हाती आलेले वाचक)

'-डिलीट' सगळ्यात शेवटी. 'फाइंड' अटी डावीकडून उजवीकडे तपासतो. '-डिलीट' आधी आलं तर वयाची अट बघण्याआधीच फाईल गेलेली असते. पहिले काही दिवस तिथे '-प्रिंट'च राहू द्या आणि यादी वाचा.

आकड्याचं म्हणाल तर फाईलच्या वयाची अट, '-एमटाइम', पूर्ण झालेले दिवसच मोजतो, वरचे तास सोडून देतो. '+३०' म्हणजे ३० पेक्षा जास्त पूर्ण दिवस, म्हणजे किमान ३१. तीस दिवस पुरे झाले की फाईल जायला हवी असेल तर '+२९' लिहा.

तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या ओळीत फोल्डरचा पत्ता एका चलात आहे आणि त्याला अवतरण नाही. ते चल कधी रिकामं राहिलं, तर 'फाइंड'ला पत्ताच मिळणार नाही आणि लिनक्सवरचा 'फाइंड' अशा वेळी चालू डिरेक्टरी धरून चालतो. क्रॉनवर ती तुमची होम डिरेक्टरी असेल. चल दुहेरी अवतरणात घाला, आणि महिरपी कंसात नावानंतर ':?' लावा. मग ते रिकामं असलं तर बॅश स्वतःच थांबतो आणि 'फाइंड' सुरूच होत नाही.