‘शॅडोरन: हाँगकाँग’ हा संगणक-खेळ खेळण्याआधी या मालिकेचे जुने भाग खेळावेत का?

कथा स्वतंत्र असल्याने सक्ती नाही. पण वेळ असेल तर बर्लिनमध्ये घडणारा आधीचा भाग ‘ड्रॅगनफॉल’ अवश्य खेळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर चार लाख डॉलर मागितले असता अठरा लाखांहून अधिक वर्गणी जमली आणि त्यातून २०१३ चा ‘शॅडोरन रिटर्न्स’ उभा राहिला, मात्र त्यात हवे तिथे खेळ सेव्ह करण्याची सोय नव्हती. ‘ड्रॅगनफॉल’ने ती उणीव भरून काढलीच, शिवाय बर्लिनच्या क्रॉइत्सबाझार वस्तीतल्या माणसांशी प्रत्येक मोहिमेनंतर बोलायला गेले की त्यांची चिंता, राग आणि उसनवारी हळूहळू उलगडत जाते, आणि ही वस्ती आपलीच वाटू लागते. सायबरपंकमध्ये, म्हणजे प्रगत तंत्रज्ञान आणि बकाल जगणे यांच्या भविष्यकथांमध्ये, मला नेमके हेच हवे असते. ‘हाँगकाँग’साठी जानेवारी २०१५ मध्ये किकस्टार्टरवर ठेवलेले एक लाख डॉलरचे उद्दिष्ट अवघ्या काही तासांत पूर्ण झाले, ते या विश्वासामुळेच. पुण्यातल्या आमच्या टेबलटॉप (टेबलाभोवती बसून भूमिका वठवण्याचे खेळ) खेळणाऱ्या गटात तर हाँगकाँगमधील कौलूनच्या तटबंदीतल्या वस्तीविषयी रात्र-रात्र चर्चा रंगतात. लढाई पाळीपाळीने चालत असल्यामुळे साधा लॅपटॉपही पुरतो. ‘हाँगकाँग’ २० ऑगस्ट २०१५ रोजी आला; तेव्हा तो हाती घेण्याआधी बर्लिन उरकून घ्यावे.