द्रोहोबिच की द्रोगोबिच?

प्रश्न असा आलाय की पोलिश लेखक ब्रुनो शुल्त्सवर मराठीत लिहिताना त्याच्या युक्रेनमधल्या गावाचं नाव द्रोहोबिच, द्रोगोबिच की ड्रोहोबिच लिहायचं, आणि त्यात आपला 'द्रोह' आहे का.

द्रोहोबिच लिहा. द्रोहाशी काडीचाही संबंध नाही. तिथला द दंत्य आहे, आपल्या 'दार'मधला, ड आपल्याकडे इंग्रजीमार्गे येतो. च 'चार'मधला, 'चोर'मधला नाही. जोर 'हो'वर.

खरा घोळ ह आणि ग चा. युक्रेनियनमध्ये तिथे जे अक्षर आहे त्याचा उच्चार घोष ह, म्हणजे अगदी आपल्या मराठी ह सारखा, पण तेच अक्षर रशियन माणूस ग वाचतो आणि सोव्हिएत काळातल्या नकाशांतून, पुस्तकांतून तो ग जगभर गेला. गावात मात्र ग फार उशिरा आला. 1772 पासून ऑस्ट्रिया, मग पहिल्या महायुद्धानंतर पोलंड, आणि रशियन बोलणारी सत्ता टिकून बसली ती 1939 नंतरच. त्याच्या कितीतरी आधी याच गावचा यूरी, जो इटलीत बोलोन्याच्या विद्यापीठाचा रेक्टर म्हणजे प्रमुख झाला, त्याचं लॅटिन पुस्तक 1483 मध्ये रोममध्ये छापलं गेलं, त्यावर त्याच्या नावात गावाचं नाव आहे आणि त्यात स्वच्छ ह आहे! मला तरी याहून मोठा पुरावा नको.

अर्थाबद्दल लोककथा अशी की बिच नावाची वस्ती उद्ध्वस्त झाली, मग लोकांनी 'द्रुही बिच' म्हणजे दुसरं बिच वसवलं. कथा म्हणूनच घ्या. गाव वाढलं ते मिठावर. विहिरीतलं खारं पाणी उपसायचं, मोठ्या उथळ कढयांत आटवायचं, खाली राहिलेलं मीठ गोळा करायचं, हे तिथे मध्ययुगापासून चालत आलंय. सेंट जॉर्जचं लाकडी चर्च, जे 2013 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, तेसुद्धा 17व्या शतकात दुसऱ्या गावातून मीठ देऊन आणलं असं सांगतात. पुढे शेजारच्या बोरिस्लावला तेल लागलं आणि गावात पैसा आला.

शुल्त्स 1892 मध्ये इथेच जन्मला, इथल्याच शाळेत चित्रकला शिकवायचा, पोलिशमध्ये लिहायचा, आणि 19 नोव्हेंबर 1942 ला गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या माणसाने त्याला इथल्याच रस्त्यावर गोळी घातली. पोलिश स्पेलिंगमध्येही ह च आहे, म्हणजे त्याने स्वतः लिहिलं तेही ह नेच.

हाच नियम लुहान्स्क, चेर्निहिव या युक्रेनमधल्या शहरांना लावा. युक्रेनियनमध्ये खऱ्या ग साठी वेगळं अक्षर आहे, ते 1933 मध्ये वर्णमालेतून काढलं होतं आणि 1990 मध्ये परत आणलं, ते दिसलं तरच ग.