लेट्यूस, दिवे आणि जांभळा घोळ

खोलीत दिव्याखाली लेट्यूस लावणाऱ्यांची पत्रं वाढली आहेत. बहुतेकांचा गोंधळ एकच, दिव्याच्या रंगाचा. म्हणून काही प्रश्न एकत्र घेतो.

घरातल्या साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूबवर लेट्यूस होईल का? (फोंडा)

होईल. दोन-तीन ट्यूब शेजारी शेजारी, पानांच्या वर वीतभर अंतरावर लावा.

'१००० वॅट'चा जांभळा ग्रो लाइट ऑनलाइन घेतला. झाडाला फक्त लाल-निळा लागतो, हिरवा फुकट जातो, असं विक्रेता सांगतो. तरी रोपं लांबुडकी आणि फिकी का? (म्हापसा)

हा प्रश्न दर महिन्याला येतो, म्हणून जरा सविस्तर. पानातून काढलेलं हरितद्रव्य नळीत घालून तपासलं, तर ते मुख्यतः लाल आणि निळा शोषतं, हे खरं. पण अख्खं जिवंत पान हिरव्याचाही बराच भाग वापरतं. शिवाय हिरवा पानाच्या आतल्या थरांत आणि वरच्या पानाखाली झाकलेल्या पानांपर्यंत जास्त पोचतो. फुकट कसला जातो!

रंगांची कामं वेगळी आहेत. निळ्याने रोप बुटकं राहतं, पान जाड होतं, लाल जातींना लाली चढते. तोच अति झाला की पान लहान राहून वजन घटतं. नुसत्या लालावर देठ ताणतात, पानं पातळ पडतात. पांढऱ्या एलईडीत हे सगळे रंग असतात, कारण मुळात ती निळी चिप असते आणि तिच्यावरचा फॉस्फरचा थर बाकीचे रंग देतो.

आता ते १००० वॅट. दिव्याच्या पाठीवरचं बारीक अक्षरांतलं स्टिकर वाचा, किंवा प्लगला वॅट मीटर लावून बघा. खोक्यावरचा आकडा बहुधा 'इतक्याच्या तोडीचा' म्हणून छापलेला असतो. दिवा प्रत्यक्षात ओढतो ती वीज त्याच्या एका कोपऱ्यात मावते. विक्रेत्याला विचारायचं ते पानांवर किती मायक्रोमोल (झाडाला वापरता येणाऱ्या प्रकाशकणांचं माप) पडतात. लेट्यूसला चौरस मीटरला सेकंदाला २०० च्या आसपास, रोज १६ तास, म्हणजे दिवसाला साधारण ११.५ मोल (दहा लाख मायक्रोमोलचा एक मोल) मिळाले की भागतं. उत्तर 'वॅट' असंच आलं, तर दुकान बदला.

आणखी एक. जांभळ्या उजेडात हिरवं पान काळपट दिसतं. मावा, पिवळेपणा काही कळत नाही. तुमची रोपं बहुधा उजेड कमी पडल्याने लांबली आहेत. दुसरा दिवा घेण्याआधी एक रोप पांढऱ्या उजेडात नीट बघा आणि विभागीय कृषी कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

मोबाइलवरचं लक्स ॲप चालेल का? (पेडणे)

एकच पांढरा दिवा जवळ-लांब करून बघायला चालेल. जांभळ्याला नाही; लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे.

आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात. शेजारी म्हणतात, निळा दिवा बाधला. (मडगाव)

शेजाऱ्यांना राहू द्या. कॅल्शियम कोवळ्या पानापर्यंत पोचत नाही, म्हणून कड जळते. चवथीच्या दिवसांतली दमट हवा आणि बंद खोली असली की पानातून पाणी उडत नाही, मग त्याबरोबर कॅल्शियमही वर चढत नाही. छोटा पंखा लावा. फार प्रखर उजेडात वाढ भराभर होऊनही हे होतं. पण सांगोवांगीवरून कॅल्शियमच्या पुड्या ओतू नका. आधी रोपांना देता त्या खतपाण्याच्या द्रावणाचा पीएच (आम्लता) आणि ईसी (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) तपासून घ्या.

बी मातीत खोल पेरून अंधारात ठेवलं, उगवलंच नाही. (डिचोली)

अनेक जातींच्या बियांना उगवायला उजेड लागतो, त्यातही लाल. अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला १९५२ मध्ये हे लेट्यूसच्याच बियांवर दाखवलं गेलं: लाल दिला की बी उगवे, लगेच दूर-लाल (लालाच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा) दिला की थांबे, पुन्हा लाल दिला की उगवे. शेवटचा रंग कोणता, त्यावर सगळं. तेव्हा बी वरच ठेवा, चिमूटभर मातीने जेमतेम झाका. तापमान ३० अंशांवर गेलं तर उजेड असूनही बी रुसतं, म्हणून मे महिन्यात घरातला सगळ्यात गार कोपरा शोधा.

लाल लेट्यूस हिरवंच राहतं. यूव्ही दिवा लावू? (वाळपई)

नको. डोळ्यांना आणि कातडीला धोका आहे. ६५०० केल्विनचा (निळसर छटेचा) पांढरा दिवा लावा, खोली गार ठेवा. उष्म्यातही लाली उतरते.

दिवा २४ तास ठेवला तर लवकर तयार होईल? (वास्को)

१६ तास पुरेत, टायमर लावा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पाण्याच्या टबावर एक्स्टेन्शनची वायर लोंबताना दिसते आहे. ती आज इलेक्ट्रिशियनला दाखवा, लेट्यूसचं नंतर बघू.